दोन बोटांचा सेनापती

अनिस मुलाणीच्या दुकानात मोबाइल दुरुस्तीला टाकायला आलेला माणूस एखाद्या खेळाचं नाव ऐकल्याशिवाय परत जात नसे. भोसरीत एमआयडीसीच्या रस्त्याला त्याचं दुकान. शिफ्ट सुटली की वर्कशॉपमधली माणसं फुटलेल्या काचा आणि फुगलेल्या बॅटऱ्या घेऊन यायची. "खेळतोस का काही?" अनिस स्क्रू काढता काढता विचारायचा. समोरच्याने गोळीबाराच्या एखाद्या गाजलेल्या खेळाचं नाव घेतलं तरी तो नाक मुरडायचा नाही. "बरा आहे," म्हणायचा, आणि मग काउंटरवर कोपर टेकून, "पण एक सांगू?"

त्याला वेड होतं डावपेचांच्या खेळांचं. तेही बड्या कंपन्यांच्या नव्हे, कुठल्या तरी दूर देशात दोन-तीन माणसांनी घरात बसून बनवलेल्या. मिठाचे तांडे वाळवंटातून पार न्यायचा एक खेळ होता. पुराचं पाणी चढत असताना गावाने आधी कुठली घरं सोडायची, हे ठरवायचा एक होता. कुणाला काय आवडेल हे आपल्याला माणूस बघून कळतं, असा अनिसचा समज होता, आणि बऱ्याचदा तो खरा ठरायचा. 'अनिसची चाल' नावाचं त्याचं चॅनेलही होतं. बघणारे मूठभर, पण शेवटपर्यंत बघणारे.

ज्योतीराम येळवंडे पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता. तो चाकणजवळच्या निघोज्याचा, अनिसहून पाच-सहा वर्षांनी मोठा. तिकडच्याच सुट्या भागांच्या एका कंपनीत तो पॉवर प्रेसवर होता. पत्र्याला एका दणक्यात आकार देणारं ते मशीन. त्याच दणक्याखाली त्याची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

"मोबाइल डाव्या हातानं चालवता येईल असं कायतरी करून दे," तो म्हणाला.

अनिसने ते करून दिलं. निघताना विचारलं, "दादा, घरी दिवसभर काय करता?"

"भिंतीकडं बघतो."

तेव्हा अनिसने त्याच्या मोबाइलमध्ये एक खेळ घालून दिला. "यात घाई नाही. तुमची चाल होईपर्यंत समोरचा थांबतो. दिवसभर लावलात तरी थांबतो." ज्योतीरामने मोबाइल नुसता खिशात टाकला. पण काही दिवसांनी तो परत आला तेव्हा त्याच्याकडे प्रश्न होते, आणि प्रश्न विचारताना तो फडक्यातला हात विसरून हलवत होता.

पुढे अनिसने त्याला 'हॅलबर्ग'ची गोष्ट सांगितली. किल्ले बांधायचा आणि राखायचा हा जुना परदेशी खेळ. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, पण खेळणाऱ्यांनी खेळ मरू दिला नाही. जगभरातल्या चाहत्यांनी मिळून त्याचा नवा, मूळ खेळाहून कितीतरी मोठा अवतार बांधायला घेतला होता. पगार नाही, मालक नाही, ज्याला जे येईल ते त्याने करायचं. ज्योतीराम आधी नुसता खेळला. मग त्याने एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि हळूहळू त्या बांधकामात शिरला. सुरुवातीला अनिसने हात धरून शिकवलं, पुढचं त्याचं तो शिकला. डाव्या हाताने कीबोर्ड, उजव्या अंगठ्याच्या आणि करंगळीच्या चिमटीत माउस. एक टेकडी उठवायची तर आठवडा जायचा. पण काही वर्षांत त्या खेळात 'दख्खन' नावाचा अख्खा मुलूख उभा राहिला. इंद्रायणी आणि भामा नद्यांच्या मधला पट्टा, चाकणचा भुईकोट, ओढे, बाभळीची रानं, कंपन्या यायच्या आधीच्या पाणंदी. त्याच्या लहानपणी आजोबा ज्या वाटांनी त्याला न्यायचे त्या सगळ्या. किल्ल्यातला दाणागोटा संपला की गावकरी उठून जायचे आणि जाताना मराठीत बोलायचे. तो आवाज ज्योतीरामच्या बायकोचा, जयमालाचा होता: "आमी चाललो. ऱ्हाऊन काय करायचं?" पोलंडचा एक गडी आणि ब्राझीलची एक बाई त्याच्याबरोबर काम करायची. मराठीचं अक्षर येत नसूनही ते वाक्य त्या दोघांना पाठ झालं होतं.

कंपनीने दरम्यान त्याला डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर हलकं काम दिलं होतं. स्टोअरमध्ये आलेला माल बघून घ्यायचा आणि शिक्का मारायचा. प्रेस शॉपकडे जायची गरज नव्हती. आवाज कानावर पडू नये म्हणून तो कॅन्टीनलाही मागून वळसा घालून जायचा. हे त्याने अनिसला एकदाच सांगितलं होतं, तेही हसत हसत.

'दख्खन' सगळ्यांना खेळायला खुलं झालं तेव्हा अनिसला राहवेना. आजवर त्याने परक्यांचे खेळ सुचवले होते; हा तर घरचा होता. त्याने व्हिडिओ करायचं ठरवलं.

"त्यांचा हात दाखवणार आहेस?" हसीनाने, त्याच्या बायकोने विचारलं.

"हातच तर दाखवायचाय. लोकांना कळू दे कसा बनवलाय."

"मग आधी त्यांना विचार."

त्याने विचारलं. ज्योतीराम म्हणाला, "दाखव की. कापल्याला हाय, चोरल्याला न्हाई."

गुरुवारी भोसरीतल्या कंपन्या बंद, म्हणून अनिसचंही दुकान बंद. ज्योतीरामची दुसरी, दुपारची शिफ्ट होती. सकाळच्या उजेडात निघोज्यात ज्योतीरामच्या खोलीत अनिसने कॅमेरा लावला. जयमालावहिनींनी पोहे केले, कॅमेऱ्यासमोर यायला मात्र नकार दिला. ज्योतीराम एक तटबंदी घालत बसला आणि घालता घालता सांगत गेला, की भुईकोटाला डोंगराचा आधार नसतो, म्हणून तिथे लढाई दाण्याची असते. अनिसने इतकं मोकळं बोलताना त्याला कधी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन त्याने व्हिडिओ कापला, जोडला. तटबंदीचं काम फार वेळ चालत होतं, बघणारा टिकला नसता. म्हणून त्याने तो भाग पळवला. चिमटीतला माउस भिरभिरू लागला, भिंती सरसर उठल्या, खाली तबल्याचा ठेका टाकला. वर मोठ्या अक्षरांत नाव दिलं: 'दोन बोटांचा सेनापती'.

आजवर त्याच्या कुठल्याच व्हिडिओचं झालं नव्हतं ते याचं झालं. पंधरवड्यात तो कुठल्या कुठे गेला. दुकानात लोक विचारत येऊ लागले. ब्राझीलच्या बाईने लिहिलं की इतके नवे खेळणारे आले आहेत की सांभाळणं अवघड झालंय. ज्योतीरामने फोन करून एवढंच म्हटलं, "बसमध्ये एकानं हात मिळवला रे. उजवा."

आणि मग एका दुपारी जयमालावहिनींचा फोन आला.

"भावजी, ह्यांना हापिसात बोलावलं हुतं. तुमचा व्हिडिओ दाखवला म्हनं. आल्यापास्नं जेवले न्हाईत. उद्या परत बोलावलंय."

दुसऱ्या दिवशी अनिस बरोबर गेला. गेटवर बराच वेळ थांबवल्यावर आत सोडलं. अधिकारी यशवंतराव पन्नाशीचे, मऊ बोलणारे. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं, चहा मागवला.

"तुम्हीच का ते? माझ्या पुतण्याने पाठवला मला. फार सुंदर केलाय, खरंच." त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. पडद्यावर तो हात भिरभिरत होता. "पण माझी अडचण समजून घ्या. प्रेसला माणसं कमी आहेत. वरून रोज विचारणा होते. आणि आमचाच तयार ऑपरेटर स्टोअरमध्ये शिक्के मारतोय, कारण हात चालत नाही."

"हात चालत न्हाई असं मी कधी म्हनलो न्हाई, साहेब," ज्योतीराम म्हणाला. "डाक्टर म्हनले."

"डॉक्टरांनी हे कुठे पाहिलं होतं?"

अनिस पुढे सरकला. "साहेब, हात इतक्या वेगाने नाही चालत. ते मी पळवलंय."

"पळवलंय म्हणजे?"

"ती भिंत घालायला दादांना सगळी सकाळ लागली. मी ती अर्ध्या मिनिटात दाखवली. नाहीतर लोक बघत नाहीत."

"म्हणजे खोटं दाखवलंत."

"खोटं नाही, साहेब."

"मग खरं?"

अनिसने पडद्यावरच्या हाताकडे पाहिलं. यशवंतरावांनी वाट पाहिली, अगदी सभ्यपणे. मग म्हणाले, "हे बघा, आता पूर्वीसारखी मशिनं राहिली नाहीत. दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी बाहेरून दाबल्याशिवाय दणका पडतच नाही. तळव्याने दाबा. बोटांचा प्रश्न येतोच कुठे?"

ज्योतीराम खाली बघत बसला होता. त्याने चहाला हात लावला नाही. दुखणं बोटांत नव्हतंच, हे अनिसला ठाऊक होतं. कॅन्टीनचा तो वळसा त्याच्या ओठांवर आला होता. पण दादा स्वतः बोलत नाहीत, तर आपण परक्या माणसासमोर कसं बोलायचं, या विचाराने तो गप्प राहिला.

त्याच आठवड्यात कंपनीच्या डॉक्टरने ज्योतीरामला चेंडू दाबायला लावला, पकड ठीक असल्याचं लिहून दिलं, आणि तो पुन्हा प्रेसवर गेला.

अनिसने व्हिडिओ काढून टाकला. एव्हाना तो दहा जणांनी उचलून आपापल्या नावावर टाकला होता. कुणी 'जिद्द असावी तर अशी' म्हणून, कुणी रडवं संगीत लावून. त्याने दुसरा व्हिडिओ केला. त्यात न पळवलेली अख्खी सकाळ होती. माउस कसा निसटतो, करंगळी कशी आखडते, मध्येच हात मांडीवर ठेवून कसं थांबावं लागतं, सगळं. तो फारसा कुणी पाहिला नाही. एकाने खाली लिहिलं, 'बोअर आहे, जुना टाका.'

ज्योतीराम एकदा शिफ्ट सुटल्यावर दुकानात आला. बसला, पण काउंटरवरच्या कशालाही हात लावला नाही.

"जमतंय का?" अनिसने विचारलं.

"बटन दाबताना हात भाईर असतोय, हे मला बी दिसतंय. पण दणका बसला की जातोच. दर टायमाला जातो. मग बघतो तर हाय तिथंच. मग पुन्यांदा."

"सुपरवायझरला सांगा ना. मी येतो, आपण त्या डॉक्टरकडे..."

"काय सांगू? भ्या वाटतं म्हनू? तिथं पोरं हाईत चौघं, बघाय लागलेत माझ्याकडं. सेनापती म्हनत्यात मला."

तो हे रागाने बोलला नाही. अनिसला वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं.

शेवटी एका सकाळी चालत्या शिफ्टमध्ये ज्योतीराम मशीन सोडून बाहेर गेला आणि भंगाराच्या ढिगामागे उकिडवा बसून राहिला. दोघांनी धरून उठवलं. लाइन थांबली होती, त्यामुळे मेमो मिळाला. युनियनचा हिंदुराव घरी येऊन म्हणाला, आपण भांडू, मनाच्या डॉक्टरचा कागद आणू, हलकं काम परत मिळेल. ज्योतीरामने ऐकून घेतलं. तो वेडा नव्हता, आणि वेडा असल्याचा कागद त्याला नको होता. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने राजीनामा लिहून तो देऊन आला.

आता तो चाकणच्या मार्केटमध्ये मेहुण्याच्या, जयसिंगच्या, कांद्याच्या गाळ्यावर असतो. वाहन आलं की माल उतरवून घ्यायचा, पसरला की राखत बसायचं. अनिस तिथे गेला तेव्हा कांद्याच्या साली वाऱ्याने सगळीकडे उडत होत्या. ज्योतीराम पोत्यांच्या थप्पीवर बसला होता. त्याने सरकून जागा दिली.

"वहिनी कशा आहेत?"

"बरी हाय. कंपनीत जाती आता. पॅकिंगला."

एक हमाल पोतं घेऊन समोरून गेला तसे दोघांनी पाय आखडून घेतले. मग अनिस म्हणाला, "पोलंडवाल्याचे निरोप येतात. तुम्ही कुठे आहात विचारतो. दख्खनचा पुढचा भाग अडलाय म्हणे. हजारो लोक वाट बघतायत."

"सांग, आजारी हाय."

"किती दिवस सांगू?"

"इचारतील तवर सांग."

"कॉम्प्युटर चालू करता का कधी?"

"सुरू केला हुता एकदा. किल्ल्यावर गेलो. तिथं सगळी नवी माणसं, माझ्या भिंतीवरनं पळाय लागलेली. मला वाटलं आपन हितं कशाला आलो." त्याने अंगठ्याने पोत्याची शिवण चाचपली. "बंद केला."

अनिसच्या डोक्यात एक खेळ होता. अगदी साधा. दोन माणसांनी बनवलेला, लढाई नसलेला; नुसत्या मेंढ्या एका कुरणातून दुसऱ्या कुरणात न्यायच्या. येताना बसमध्ये त्याने मनात सगळं जुळवलं होतं, कसं सांगायचं ते. "दादा," तो म्हणाला, "एक सांगू का?"

"नको, अनिस." ज्योतीरामने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. "तू वाईट कधी सांगितलं न्हाईस. पन आता मला काय सांगू नको."

पलीकडून जयसिंगने हाक मारली. एक ट्रक मागे घेत आत शिरत होता. ज्योतीराम उठला आणि ट्रकच्या मागे जाऊन डाव्या हाताने ड्रायव्हरला इशारे करू लागला. उजवा हात त्याने खिशात घातला होता. अनिसही उठून उभा राहिला. आपण हमालांच्या वाटेत उभे आहोत हे लक्षात आल्यावर तो बाजूला झाला. माल उतरायला वेळ लागणार होता. थोडा वेळ थांबून तो भोसरीच्या बसकडे निघाला.