पाचवं घर

भानुमती जाऊन चार महिने झाले. तिचं ऑक्सिजनचं मशीन मी अजून परत केलेलं नाही. रोज दुपारी चार ते पाच चालू करतो. त्या वेळी ती पडून असायची आणि मी शेजारी बसून पेपर वाचायचो. आता नळी नुसतीच उशीवर ठेवतो. मशीनचा आवाज असला की वाचता येतं. नसला की तीच ओळ परत परत वाचतो.

मी विजेच्या मागणीचा अंदाज बांधणाऱ्या सरकारी कचेरीत होतो. नोकरीची शेवटची दोन वर्षं एआयच्या डेटा सेंटरांवरच गेली. त्यांची वीज एक क्षणही जाता कामा नये, असं नव्या धोरणात ठरलं. मग उन्हाळ्यात मागणी चढली की घरांची वीज पाळीपाळीने दोन तास मीटरमधूनच बंद करायची. घरी श्वासाचं मशीन असेल त्यांना सूट, पण एका ट्रान्सफॉर्मरमागे चारच घरांना. तो चारचा आकडा माझा. सरासरी तीनच्या वर जात होती, मी चार लिहिले.

भानुमती तेव्हा धडधाकट होती. मेथी निवडत होती.

"आणि पाचवं घर निघालं तर?"

"सरासरीत पाचवं येत नाही."

"कागदावर येत नसेल. सोसायटीत येईल की." तिने अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. "घ्या. हिची नका सरासरी काढू, एकेक काडी बघा."

पुढे भानुमतीला मशीन लागलं आणि आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत सूट मिळालेलं चौथं घर आमचंच झालं.

मंगळवारी दुसऱ्या मजल्यावरची नीला आली. तिचे सासरे सूर्यकांत फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना नुकतंच हॉस्पिटलमधून मशीनसकट घरी आणलं होतं.

"काका, आमचा अर्ज परत आला. चारही जागा भरल्यात म्हणे. इन्व्हर्टर अर्ध्या तासात बसतो. काल वीज गेली तर आबा माझा हात सोडेनात. तुम्ही त्याच लाइनमधले ना, काही होतं का बघा."

मी भानुमतीचं नाव सूट असलेल्यांच्या यादीतून कधीच काढून टाकलं असेल, असं तिने धरलं होतं. मी "बघतो" म्हटलं. ती गेल्यावर चार वाजले आणि मी मशीन चालू केलं.

गुरुवारी चारच्या सुमारास वीज कंपनीचा माणूस तपासणीला आला. यतीन नाव होतं. त्याने हातातल्या यंत्रावर आमचं मीटर पाहिलं.

"अंकलजी, मशीन तो रोज़ चल रही है. आंटीजी अंदर हैं?"

आतून आवाज येतच होता. त्याने आपणहून आवाज खाली आणला.

"सो रही होंगी. रहने दीजिए. यहाँ साइन कर दीजिए, साल भर की छुट्टी."

मी पेन घेतलं. सही करायची एवढंच होतं. नोकरीत मी असल्या कागदांवर न बघता सह्या केल्या होत्या. खाली सुभेदार होते, दोन मजल्यांखाली.

"अंदर आइए," मी म्हटलं.

त्याने पलंग पाहिला, उशीवरची नळी, भिंतीवरचा हार घातलेला फोटो. तो दारातच थांबला. मग त्याने नाव कमी करायचा फॉर्म काढला.

"मशीन कब से बंद है, ये लिखना पड़ता है. आंटीजी वाली तारीख़ डाल दूँ?"

मी वाकून बटण दाबलं.

"आज की डालिए."

तो गेल्यावर नीलाला फोन करून अर्ज परत टाकायला सांगितलं.

"अरे वा, कुणाची जागा निघाली काका?"

"तुझ्या काकूची."

ती म्हणाली, "चहा टाकते. खाली या."

"येतो," मी म्हटलं. "पाच वाजू देत."