ताईंची जास्वंद

माझी बायको थंडीत गेली. शेवटच्या दिवसांत ती थोडं बोलायची, आणि त्यातलं निम्मं तिच्या थोरल्या बहिणीबद्दल असायचं. "ताई एकटी आहे. उन्हाळ्यात तिच्याकडे लक्ष ठेवा. ती सांगणार नाही, तुम्हीच बघा." मी हो म्हणालो.

बायकोची थोरली बहीण म्हणजे नात्याने माझी आकडसासू. हा शब्द ज्याने शोधला त्याने आमच्या ताईंना पाहिलेलं असणार. लग्न ठरलं तेव्हा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्या म्हणाल्या होत्या, "सुतार आहे, निदान घरातल्या खुर्च्या तरी डुगडुगणार नाहीत." अजूनही मला जावईबापू म्हणतात, आणि त्यात मान कमी, चिमटा जास्त.

पण माझ्या बायकोला ठकी म्हणणारं आता हे एकच माणूस उरलं होतं. ते माहेरचं नाव. मी कधी घेतलं नाही. ताईंच्या घरी गेलं की ते कानावर पडायचं आणि तेवढा वेळ ती कुठेतरी आतल्या खोलीत आहे असं वाटायचं. म्हणून ताईंना जपायचं होतं. बायकोला शब्द दिला होता म्हणून, आणि माझ्यासाठीही.

यंदा ऊन लवकर तापलं. ताईंचं घर वरच्या मजल्यावर, अगदी छपराखाली. मी सकाळी ऊन चढायच्या आत जायचो. पडदे ओढायचो, पंख्यासमोर ओली चादर टांगायचो, पाण्याची मोठी बाटली भरून पलंगाशेजारी ठेवायचो. संध्याकाळी बाटली रिकामी असायची.

"संपवलं सगळं?"

"दिसतंय ना. का आता पोटाला कान लावून बघणार आहात?"

मी समाधानाने घरी यायचो.

एका दुपारी मात्र मला घरात बसवेना. हवा हलत नव्हती. डोक्यावर ओला रुमाल टाकून गेलो. माझ्याकडे किल्ली होती. ताई पलंगावर बसलेल्या, चेहरा लाल, कपाळ भाजत होतं आणि घामाचा टिपूस नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ठकी कुठाय? केव्हाची हाका मारतेय."

"येतेय," एवढंच म्हणालो. रुग्णवाहिकेला फोन केला. ती येईपर्यंत त्यांच्या मानेवर, काखेत ओली फडकी ठेवत राहिलो, पंखा त्यांच्या अंगावर वळवला. त्या मधूनमधून हाक मारत होत्या. मी प्रत्येक वेळी "येतेय" म्हणत होतो.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगात पाणीच नाही. बरेच दिवस नीट प्यायलेल्या दिसत नाहीत."

"रोज अख्खी बाटली संपते हो."

त्यांनी सलाईनची दुसरी बाटली मागवली.

दुसऱ्या दिवशी ताई शुद्धीवर होत्या. कपडे आणायला मी त्यांच्या घरी गेलो. गल्लीतल्या सगळ्या कुंड्या करपल्या होत्या. आमच्याकडची कोरफडसुद्धा माझ्या हातून वाळली होती. ताईंच्या खिडकीतली जास्वंद मात्र तुकतुकीत, कळ्यांनी भरलेली. मी मातीत बोट घातलं. आत गार ओल होती.

कपड्यांची पिशवी त्यांच्या उशाशी ठेवून मी म्हणालो, "ताई, जास्वंद छान आहे."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "कळलं वाटतं."

"का पण?"

त्यांनी पांघरूण गुडघ्यांवर ओढलं. मग म्हणाल्या, "पाणी प्यायलं की उठावं लागतं. पलंगापासून संडासापर्यंत धरायला काही नाही. गुडघे माझं ऐकत नाहीत. तहानही लागत नाही, मग कशाला?"

"मला सांगायचं."

"तुम्हाला? जावयाला सांगायची गोष्ट आहे का ही? ठकी असती तर तिला सांगितलं असतं."

मी घरी आलो. बायकोचं आजारपण लांबलं तेव्हा तिच्या पलंगाला मी दोन्ही बाजूंना लाकडी कठडे बसवले होते. ते काढायला मन होत नव्हतं. वरचा दांडा तिच्या हातांनी जरा काळवंडला होता. त्या दिवशी बायको गेल्यापासून पहिल्यांदा हत्यारांची पेटी उघडली. कठडे काढले. ताईंच्या पलंगापासून संडासाच्या दारापर्यंत भिंतीला दांडे ठोकले, आतही एक बसवला. सगळे हलवून बघितले. कड तेवढी घासली, काळवंडलेल्या जागी रंधा लावला नाही.

ताई घरी आल्या. दांडा धरून सावकाश गेल्या, सावकाश आल्या. मध्येच थांबून त्यांनी लाकडावरून हात फिरवला.

"डुगडुगत नाही."

"सुतार आहे ना."

"हे लाकूड कुठलं?"

"ठकीच्या पलंगाचं," मी म्हणालो.

ते नाव माझ्या तोंडून कसं आलं कळलं नाही. ताईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. टोमणा मारतील असं वाटलं. त्या पलंगावर जाऊन बसल्या आणि बाटली जवळ ओढली.

"तुम्ही सकाळपासून प्यायलात का काही?"

मी आठवू लागलो. प्यायलो नव्हतो. बायको असताना पाण्याचा पेला आपोआप हातात यायचा, तहानेचा विचार मला कधी करावाच लागला नव्हता.

"वाटलंच," ताई म्हणाल्या. त्यांनी दोन पेले भरले. एकाचं ओलं बूड तळहाताने पुसलं आणि तो माझ्यापुढे धरला. बायको अगदी असंच पुसायची.

"धरा. मला एकटीला प्यायला लावणार होतात की काय?"

मी पेला घेतला. दोघांनी मिळून हळूहळू पाणी संपवलं.

"आता त्या जास्वंदीचं काय?" त्यांनी विचारलं.

"तिच्यासाठी वेगळी बाटली आणतो."

"आणा," ताई म्हणाल्या, "ठकीनेच लावलीय ती."