दगडातला पंजा

“घाई करू नकोस. कोट्यवधी वर्षं थांबलंय ते, तुझा चहा होईपर्यंत थांबेल.”

लग्नाच्याही आधी ऐकलेलं त्याचं हे वाक्य संग्रहालयाच्या तळघरातल्या खोलीत तिला अजून आठवायचं. दगडातून हाड मोकळं करायला त्यानंच तिला शिकवलं होतं. भिंगाखाली धरायचं, सुईनं कणकण टोकरायचं, फुंकर घालायची, पुन्हा टोकरायचं. शिकवता शिकवता तो तिचा नवरा झाला, आणि एकाच टेबलाच्या दोन बाजूंना दोघांचे केस पिकले.

सध्या टेबलावर सशाएवढा एक जीव होता. डायनासोरांचा लांबचा नातलग, पण पुढे ज्यांना कातडीचे पंख फुटले त्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या सख्ख्या भावकीतला. “चुलतभाऊ आभाळात गेले, हा राहिला जमिनीवर. अगदी आमच्या घरासारखं,” असं नवरा म्हणायचा. सगळा सांगाडा निघाला होता, उरला होता पुढचा पंजा. या जातीचा अख्खा पंजा आजवर कुणी पाहिला नव्हता. काट्याएवढी नखं; सुई जरा घसरली की संपलंच.

आणि नवऱ्याचा हात थरथरत होता.

घरी कपबशी किणकिणायची. बशीच वाकडी आहे, म्हणायचा. तिनं बशा बदलल्या. बोलायचं मात्र ओठांवर येऊन माघारी जायचं. ज्याचा हात हीच ज्याची ओळख, त्याला सांगावं तरी कसं? मग गुडघ्यांसाठी चालायला जाते म्हणून ती सकाळी लवकर निघे, खोली उघडे आणि त्याच्या वाटची अवघड जागा हळूहळू टोकरून ठेवी. तो मागाहून येई, भिंगात बघे, काल बरं काम झालं म्हणे. ती मान खाली घालून आपल्या दगडावर फुंकर घाली.

त्या दिवशी संग्रहालयातल्या संशोधक डॉक्टरबाई खाली आल्या. या जिवाचा अभ्यास त्यांचाच. नखं आजच मोकळी व्हायला हवीत, मी इथंच बसून बघते, म्हणाल्या. “आणि काका, तुम्हीच काढा. दुसऱ्या कुणाचा हात नको.”

आता लपवायला सकाळ उरली नव्हती.

त्यानं सुई उचलली, भिंगावर वाकला. बराच वेळ सुई दगडाला टेकलीच नाही.

“अगं, इकडे ये,” तो म्हणाला. “बघ जरा.”

तिनं डोळा लावला. हाडाच्या शेजारी दगडावर बारीक ओरखडे होते.

“मी सुई हाडापासून लांब ओढतो. तू कडेकडेनं. किती सांगितलं तरी तुझी सवय गेली नाही.” त्याचा आवाज अगदी खाली गेला. “बरेच दिवस बघतोय. तू सकाळी येऊन करून ठेवतेस, ते बरं वाटायचं. म्हणून गप्प राहिलो.”

तिनं भिंगावरून डोळा उचलला.

त्यानं सुई तिच्या तळव्यावर ठेवली, बोटं मिटवली आणि खुर्ची सोडून उभा राहिला.

“बाई, नखं ही काढेल,” तो म्हणाला. “माझा हात थरथरतो.”