मूळपेशींची बाटली

आत व्हीलचेअरवर नेलेली बाई स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली, तशा गच्च भरलेल्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

"ही स्टेम सेलची, म्हणजे मूळपेशींची कमाल," डॉक्टर म्हणाले. "एक बाटली, एक तास. नव्या पेशी थेट मेंदूत जाऊन संसार थाटतात. फक्त जुनी औषधं आजपासून बंद. नाहीतर पेशी रुसतात."

रुसणाऱ्या पेशी ताईला घेऊन आलेल्या, फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्या भावाने पहिल्यांदाच ऐकल्या. त्याच्या ताईला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. शरीराचे पहारेकरीच मज्जातंतूंचं आवरण कुरतडत होते, आणि रोजच्या गोळ्यांनी त्यांना कसंबसं आवरून धरलं होतं. इथून फोनवर तसं सांगितल्यामुळे त्या गोळ्या ताईने सकाळीच कचऱ्यात टाकल्या होत्या.

काठी टेकत आलेल्या ताईला तासाभरातच खुर्चीतून उठवेना. भावाने घाम पुसत, धंद्याच्या सवयीने वर पाहिलं. बाहेर थंडी नसताना हॉलचा एसी गरम हवेवर लावला होता. ताईला आत नेलं, तर उपचाराच्या खोलीत मात्र दात वाजतील इतका गारठा. ताईच्या जुन्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, या आजारात अंग तापलं की पाय दगा देतात, गार झालं की सावरतात.

नर्स सुई लावून गेली. ताईने डोळे मिटले होते. त्याने नळीवरचं चाक फिरवून बाटली बंद केली.

तासाने ताई उठली, रडत रडत हॉलपर्यंत चालली. टाळ्या सुरू झाल्या. भावाने बाटली वर धरली. "भरलेलीच आहे. थेंबही आत गेला नाही."

"पेशींची ऊर्जा खोलीत असते," डॉक्टर म्हणाले.

"मग सुई कशाला टोचता? हॉल तापवून पाय घालवता आणि खोली गार करून परत देता."

ताई पुटपुटली, "आजचा दिवस तरी गप्प बसायचंस रे."

"आज चाललीस, ताई. गोळ्यांवाचून पुढच्या वर्षी काय?"

कोपऱ्यात बसलेला एक शिंपी, इथलाच जुना रुग्ण, उभा राहिला. "माझ्या गोळ्या आठ महिने बंद आहेत. मग डावा डोळा गेला. हे म्हणाले, पेशी जागा करताहेत." त्याने डॉक्टरांकडे मान वळवली. डॉक्टर दाराकडे सरकत होते.

या आजारावर मूळपेशींचं खरं प्रत्यारोपणही असतं. मोठ्या रुग्णालयांत, निवडक रुग्णांवर, कडक औषधं देऊन ते अजून पारखलं जातंय, आणि त्यातला जिवाचा धोका आधी सांगितला जातो. जिथे फक्त टाळ्या ऐकू येतात, तिथे हात पुढे करण्याआधी प्रश्न विचारा. आणि चालू औषध आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. शिंप्याचा डोळा काही परत यायचा नाही.