बोटीत माणसं दोन

गॅनेट इनलेट या समुद्रकाठच्या गावी येणारा पाहुणा तीनच प्रश्न विचारतो: बघायचं काय, करायचं काय आणि खायचं काय. डेल्मा हार्कनेस धक्क्यावरच्या माहिती केंद्राच्या खोलीत बसून वर्षानुवर्षं त्यांची उत्तरं देत आली होती, आणि तीही फुकट. दीपगृह बघा. खडकातल्या तलावात पोहा, भरतीला समुद्र स्वतःच तो भरून देतो. रिनोच्या दुकानातले तळलेले मासे आणि चिप्स खा, पण बाकावर बसून खा, उभं राहून खाल तर सीगल हातातून घेऊन जातील. एवढं बजावूनही लोक उभं राहूनच खायचे आणि मग तिच्याकडे तक्रार घेऊन यायचे, जणू सीगल तिनेच पाळलेत.

त्याच टेबलावर, माहितीपत्रकांना खेटून, बचाव पथकाचा रेडिओ होता. गाव लहान, आणि फुकट राबणारी माणसं त्याहून थोडी, म्हणून दोन्ही कामं तिच्याच गळ्यात पडली होती. इथे नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं आणि वरून मोठी लाट आली, की त्या दांड्यावर भल्याभल्यांच्या बोटी पालथ्या होतात. म्हणून बाहेर जाणाऱ्याने रेडिओवर सांगून जायचं: मी कोण, बोटीत माणसं किती, परत कधी. आत आलं की पुन्हा सांगायचं. कोणी विसरलं, तर रिनो कढईखालचा गॅस बंद करून, दुकानाला कुलूप ठोकून शोधायला निघणार. रिनो बचाव बोटीचा तांडेल. विसरलेला माणूस घरात टीव्ही बघत सापडला, तर पुढचा आठवडाभर रिनो त्याला मासा विकत नसे.

व्हर्न टॅलिस कधीच विसरला नव्हता. जन्मभर त्याचं एकच वाक्य: "डेल्मा, व्हर्न बोलतोय. बोटीत माणसं दोन." दुसरी नोला, त्याची बायको. ती पुढच्या फळीवर बसून विणकाम करायची आणि गळाला मासा लागला, की नवऱ्याला तो कसा ओढायचा ते शिकवायची. एप्रिलमध्ये नोला गेली. सगळं गाव टेकडीवरच्या दफनभूमीत जमलं होतं, पेटीचा एक कोपरा रिनोच्या खांद्यावर होता. मेमध्ये व्हर्नने पुन्हा बोट काढली आणि रेडिओवर सांगितलं, "बोटीत माणसं दोन."

डेल्माने बोलायला माइक उचलला. काय सांगायचं त्याला? बाबा रे, दोन नाही, तू एकटाच आहेस? आणि तेही आजूबाजूच्या सगळ्या बोटी ऐकत असताना? "दोन, बरोबर," ती म्हणाली. पुढच्या खेपेलाही तसंच झालं. मग तीच रीत पडून गेली. म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटत असेल तर आपलं काय जातंय, असं ती स्वतःला सांगायची.

सप्टेंबरच्या सुट्ट्या लागल्या होत्या. त्या सकाळी पिवळ्या टोपीची एक मुलगी पाठीवर भली मोठी पिशवी घेऊन आली. एकटीच फिरत होती.

"माझ्याकडे आजचाच दिवस आहे. काय काय करू?"

डेल्माने नेहमीची जपमाळ ओढली. दीपगृह, तलाव, रिनो. मग मुलीचा हसरा चेहरा बघून तिला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "आणि हे बघ पोरी, धक्क्याच्या टोकाला व्हर्न म्हणून एक म्हातारा बोट काढतोय. गोड बोललीस तर नेईल तुला. सध्या देवमासे फिरतायत बाहेर. त्यालाही जरा सोबत होईल."

"पैसे किती घेईल?"

"पैसे कसले? त्याच्या गप्पा ऐक, पुष्कळ झालं."

मुलगी धक्क्याकडे गेली. थोड्या वेळाने रेडिओ बोलला, "डेल्मा, व्हर्न बोलतोय. बोटीत माणसं दोन. चारपर्यंत येतो."

डेल्मा हरखून गेली. नेलं वाटतं पोरीला! विचारायला तिने माइक तोंडाशी धरलाही होता. पण पोरीला नेलं नसेल तर? मग विचारून उगाच जखमेवरची खपली काढल्यासारखं व्हायचं. "दोन, बरोबर," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

दुपारी दक्षिणेचा वारा सुटला, आणि असा सुटला की डेल्माच्या खोलीच्या दारावरची पाटीच उडून गेली. ओहोटी ऐन भरात होती. दांड्यावर पांढऱ्या भिंती उठत होत्या. त्यांच्या पलीकडे व्हर्नची बोट दिसली, तशी डेल्मा रेडिओवर ओरडली, "व्हर्न, आत येऊ नकोस! पाणी फिरेपर्यंत बाहेरच थांब!"

"काही ऐकू येत नाही गं," व्हर्नचा आवाज तुटत तुटत आला. "येतोच मी आत."

"व्हर्न! तुझ्याबरोबर कोण आहे रे? व्हर्न!"

जे सकाळी विचारायचं ते तिने आता विचारलं. रेडिओ नुसता खरखरला. तिच्या डोळ्यांदेखत बोटीचा मागचा भाग वर उचलला गेला, उचलतच गेला, आणि मग पाण्यावर नुसता बोटीचा तळ राहिला.

रिनोने कढई तशीच टाकली. त्याच्याबरोबर शाळेतले मास्तर आणि पोस्टातली गॅब्रिएल. बचाव बोट लाटांत शिरली, आणि डेल्मा काचेला नाक लावून उभी राहिली. बऱ्याच वेळाने रिनोचा आवाज आला.

"म्हातारा सापडला. श्वास चालू आहे, शुद्ध नाही. धक्क्यावर देऊन परत फिरतो. दुसरं कोण होतं?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? तूच तर आकडा घेतलास ना?"

"रिनो, तो मेपासून दोनच सांगतोय."

"मेपासून? अगं, एप्रिलमध्ये तर आपण नोलाला..." तो थांबला. "आणि तू काय म्हणायचीस?"

"मी बरोबर म्हणायचे."

रिनोने आपल्या इटालियन आजीची एक शिवी हासडली. ती डेल्माला कळली नाही आणि कळायची गरजही नव्हती.

"मग नोलाच असणार. आम्ही शोध थांबवू का? मास्तरांचा खांदा निखळलाय. बोटीत पाणी शिरतंय."

हो म्हणणं किती सोपं होतं! डेल्माने डोळे मिटले. "नाही रे. आज सकाळी एका पोरीला मीच त्याच्याकडे पाठवलं. पिवळी टोपी. तिला त्याने नेलं की नाही, मला खरंच माहीत नाही."



"मग शोधावंच लागेल," रिनो म्हणाला.

व्हर्नला बाजूच्या शेडमध्ये आणलं. गावातली नर्स त्याला घोंगड्यांत गुंडाळून बसली. रुग्णवाहिका मोठ्या गावाहून निघाली होती, हेलिकॉप्टर तर त्याहून लांब. डेल्माने कॅराव्हॅन पार्कला फोन केला, तर अशी कोणी मुलगी तिथे उतरलीच नव्हती. दीपगृहावर फोन कोणी उचलेना. व्हर्नच्या कानाशी तोंड नेऊन तिने चारचारदा विचारलं. त्याचे दात नुसते वाजत होते. मग ती पुन्हा रेडिओपाशी येऊन बसली, कारण रेडिओ सोडून जाणं तिच्या हातात नव्हतं, आणि रेडिओपाशी बसून काही करणंही तिच्या हातात नव्हतं. बचाव बोट लाटेआड गेली, की ती खुर्चीतून उठायची. वर आली, की ती पुन्हा बसायची. आपल्या एका शब्दावर तीन माणसं मरणाच्या दाढेत फिरताहेत, आणि तो शब्द खरा की खोटा, हेसुद्धा आपल्याला सांगता येत नाही. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दार उघडलं. आत एक गृहस्थ, मागे बायको आणि दोन मुलं.

"अहो, ते मासे-चिप्सचं दुकान बंद आहे. पाटीवर तर आठपर्यंत लिहिलंय."

"मालक समुद्रात गेलेत."

"मासे धरायला? ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला?" गृहस्थ बायकोकडे बघून म्हणाला, "बघ, हा यांचा धंदा!"

"बेकरीत सॉसेज रोल मिळतील," डेल्मा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "गरम असतात. सॉस मागून घ्या."

ते गेले. सूर्य टेकडीमागे गेला, पाण्याचा रंग शिशासारखा झाला. रिनो आता काही बोलत नव्हता. एकदाच म्हणाला, "टोपी पिवळीच म्हणालीस ना?" आणि ती हो म्हणाली.

दार पुन्हा उघडलं. डेल्माने मागे न बघताच सांगितलं, "बेकरीत सॉसेज रोल मिळतील."

"मी तलावात पोहले! आणि मग खडकाच्या आडोशालाच झोप लागली, बघा ना, नाक कसं भाजलंय." पिवळ्या टोपीची मुलगी हसत दारात उभी होती. "तुमचे आभार मानायला आले. त्या म्हाताऱ्या काकांनी मात्र नेलं नाही हं मला. जागा नाही म्हणाले. मी म्हटलं, अहो, ही पुढची फळी तर रिकामीच आहे. तर म्हणाले, तिथे माझी बायको बसते."

डेल्माने तिचे दोन्ही खांदे घट्ट धरले. पोर जिवंत आहे म्हणून तिला हुंदका आला, आणि त्या फळीसाठी दुसरा आला, आणि कुठला कुठे संपला ते तिला कळलं नाही. मुलगी बिचारी बावरून गेली.

"रिनो, परत या. पोरगी इथे आहे. पाण्यात दुसरं कोणी नाही."

"नक्की?"

"नक्की," डेल्मा म्हणाली.

ती शेडमध्ये गेली तेव्हा व्हर्नचे डोळे उघडे होते. नर्स त्याला गोड चहा पाजत होती. उघड्या दारातून बचाव बोट धक्क्याला लागताना दिसत होती. गॅब्रिएल दोर बांधत होती, मास्तर हात छातीशी धरून कण्हत उतरत होते.

"हे परत का आले?" व्हर्नने विचारलं.

नर्सने कप पुन्हा त्याच्या ओठांशी नेला.

"डेल्मा, हे परत का आले गं? नोला राहिलीय ना अजून." तो कोपरावर उठायला लागला, नर्सने त्याला धरलं. "पाणी किती गार आहे! तिला पोहताही येत नाही नीट. सांग ना त्यांना. सकाळी मी तुला सांगितलं होतं की नाही, माणसं दोन? तूच म्हणालीस ना, बरोबर?"

"म्हणाले होते."

"मग?"

डेल्मा त्याच्याजवळ जमिनीवर बसली. त्याचा हात बर्फासारखा गार होता. आता तरी खरं सांगावं, एवढ्या सगळ्यानंतर तरी, म्हणून तिने तोंड उघडलं. तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"शोधतायत, व्हर्न," ती म्हणाली. "शोधतायत."

तो पुन्हा आडवा झाला. बाहेर रिनो नळी लावून बोटीवरचं खारं पाणी धुवत होता. तो आवाज शेडमध्ये स्पष्ट ऐकू येत होता, आणि व्हर्न मान वळवून दाराकडे बघत होता.