केरबांचं बाळंतपण

शाहूपुरीतल्या त्या वीस खाटांच्या दवाखान्यात मंगळवारी सकाळी कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. कागलच्या केरबा चौगुल्यांचं, वय एकाहत्तर, गेल्या आठवड्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. घरी जाताना त्यांना दिलेल्या डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी छापून गेलं होतं : 'बाळाला दर दोन तासांनी अंगावर पाजावे.' त्यांच्या लेकानं, उदयसिंहनं, कार्डाचा फोटो दवाखान्याच्या नंबरवर पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आबा तयार हायत, बाळ कधी देताय?'

सिस्टर प्रमोदिनी हसून हसून खुर्चीत बसल्या. डॉक्टर राजवर्धन एरवी गंभीर चेहऱ्याचा माणूस, पण तेही चष्मा काढून डोळे पुसत होते. सगळ्यांत मोठ्यानं हसली मधुवंती, कारण कार्ड तिनंच टाइप केलं होतं आणि अशा वेळी आपणच आधी हसलेलं बरं असतं.

आठ वर्षं ती ही कार्डं टाइप करत होती. तिची पद्धत ठरलेली. कोरं कार्ड उघडायचंच नाही. आधीच्या पेशंटचं उघडायचं, नाव-वय-ऑपरेशन बदलायचं आणि प्रिंट मारायची. रोजची दहा-बारा कार्डं, काउंटरवर ताटकळणारे नातेवाईक, दारात रिक्षा. मग काहीतरी राहून जायचंच. शिवाजी पेठेतल्या एका फुटबॉलवाल्याच्या मोडलेल्या पायाच्या कार्डावर 'दात येताना थोडा ताप येतो' असं गेलं होतं. तो कागद महिनाभर चहाच्या खोलीत चिकटवलेला होता.

जावेला पाठवावा म्हणून तिनं केरबांचा फोटो पुन्हा उघडला. बोटांनी मोठा केला आणि नजर त्या गमतीच्या ओळीच्या वर गेली. 'औषधांची ॲलर्जी : नाही.'

केरबांच्या आधीचं कार्ड संयोगिताचं होतं, सिझेरियनचं. ॲलर्जी नव्हती ती संयोगिताला. मधुवंतीनं कपाटातून केरबांचा केसपेपर ओढून काढला. प्रमोदिनी सिस्टरांनीच लाल पेनानं लिहिलेलं होतं : पेनिसिलिन देऊ नये, पूर्वी श्वास कोंडला होता.

बाळाची ओळ साऱ्या दवाखान्यानं वाचली होती. ही मात्र कुणीच वाचली नव्हती, कारण हिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आज आठवा दिवस, टाके काढायचा. ते कागलच्याच डॉक्टरांकडे काढायचं ठरलं होतं. जखम जरा ओली दिसली, तर तो डॉक्टर कार्ड बघून इंजेक्शन देणार.

तिनं उदयसिंहला फोन लावला. उचलेना. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. ती खुर्चीतून उठली, बसली, पुन्हा उठली. काउंटरवरचा माणूस कार्ड मागत होता, त्याला तिनं उगीचच झापलं. स्कूटर काढून कागलला जावं, तर पोचायला पाऊण तास. सिस्टरांना सांगावं, तर आपली चूक उघडी पडणार. आपल्या हातून माणूस मेला तर, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

पाचव्यांदा फोन उचलला गेला.

"बोला की म्याडम, बाळ पाठवलं काय?"

"आबा कुठं आहेत?"

"आत्ताच आलो की दवाखान्यातनं. गाडीवर हुतो."

"इंजेक्शन दिलं का त्यांना? कुठलं दिलं?"

तिचा आवाज ऐकून उदयसिंहचं हसणं थांबलं. त्यानं फोन म्हाताऱ्याकडे दिला.

"व्हय, दिलं की," केरबा सावकाश म्हणाले. "जखम वाईच चिघळलीय म्हणाला. म्या कागद दावला, तर डाक्टर हसाय लागला. म्हटलं, बाबा, ह्यात मी बाळंत झालोय, ह्यातलं काय बी खरं धरू नगोस, मला इचार. मग त्यानं समदं नव्यानं इचारलं. म्या सांगितलं, त्या पेनिसिलिननं मला जीव नकोसा हुतो. दुसरं दिलं त्यानं. तुम्ही का रडायलाय बाई?"

ती रडत होती खरी. चूक हसण्यासारखी होती म्हणून आबा वाचले. फोन ठेवून तिनं तोंडावर पाणी मारलं, नेहमीसारखी खुर्चीत बसली आणि पुढचं कार्ड करायला आधीचं कार्ड उघडलं. तिथंच तिचा हात थांबला. आठ वर्षांत ज्या कार्डांवर कुणी हसलं नव्हतं, त्यांचं काय?

तिनं कार्ड बंद केलं, डिस्चार्जचं रजिस्टर उघडलं आणि कालचा पहिला नंबर फिरवला. तानाबाई, साठ वर्षं, पित्ताशयाचे खडे.

"आक्का, शाहूपुरीच्या दवाखान्यातून बोलतेय. तुमच्या कार्डावर ॲलर्जी नाही असं लिहिलंय. ते बरोबर आहे ना?"



"काय की बाई," पलीकडून तानाबाई म्हणाल्या. "मला कुणी इचारलंच न्हाय."