तीन हात दोर

ढवळू विहिरीच्या तळाशी पालथा पडून खडकाला कान लावून होता, आणि मी वर काठावर एस्टिमेटचा कागद हातात धरून उभा होतो. तो उठायचा, पहारीचा एक ठोका मारायचा, पुन्हा कान लावायचा. तीस फूट खोदून झाले होते आणि तळ माझ्या तळहाताइतका कोरडा होता. मला जव्हारला परत जायची घाई होती.

शेवटी तो दोराला धरून वर आला, अंगावरची धूळ झटकली आणि म्हणाला, "पानी हाय, दादा. तीन हात खाली हाय."

ढवळू साऱ्यांनाच 'तू' म्हणायचा, ओव्हरसिअरसाहेबांनासुद्धा. त्यात उर्मटपणा नसे. त्याच्या बोलीत दुसरा शब्दच नव्हता. वय असेल चाळिशीच्या आसपास. खोडाळ्यापासून साखरशेतापर्यंत त्यानं अकरा विहिरी खणल्या होत्या आणि त्यातली एकही कोरडी गेली नव्हती. सगळ्या दुसऱ्यांच्या. जामसरच्या पलीकडे टेपाडावर त्याची स्वतःची कातकरी वाडी होती, तिथल्या बाया मात्र उन्हाळाभर नदीच्या वाळूत वाटीनं पाणी भरायच्या. त्याची बायको रुपी त्यातलीच. एकदा मी त्याला विचारलं होतं, की इतक्या विहिरी खणल्यास, घरची का नाही खणलीस? तो म्हणाला होता, की सुरुंगाची दारू काय झाडाला लागते?

मग एकोणीसशे तेरा साली भिवंडीकडच्या एका शेठजींनी आईच्या नावानं एक विहीर बांधून द्यायचं ठरवलं आणि कुणीतरी या वाडीचं नाव सुचवलं. पोंक्षे नावाचे पेन्शनीत निघालेले ओव्हरसिअर ठाण्याहून आले. टेपाडावर दोन तास हिंडले, छत्रीच्या टोकानं जमीन टोचली, आणि झाडाखाली बसून इंग्रजीत एस्टिमेट लिहिलं. पाणी तीस फुटांवर. त्या तीस फुटांवरून बाकी सगळं निघालं. दारू तीस फुटांपुरती, मजुरांना नागली तीस फुटांपुरती, पाणी काढायला नवा दोर तोही तीस फुटांचा. नाव कोरलेली फरशीसुद्धा आधीच आली होती. तिच्यावर 'खोली तीस फूट' असं कोरलेलं मी स्वतः वाचलं. मी इंग्रजी पाच इयत्ता शिकलेला कारकून. माझं काम एवढंच, की एस्टिमेटबाहेर काही जाऊ द्यायचं नाही.

म्हणून मी ढवळूला सांगितलं, की काम संपलं. एस्टिमेट तीस फुटांचं आहे.

"यस्टिमेट म्हंजे काय?"

"अंदाज," मी म्हणालो. "अदमास."

तो जरा वेळ माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिला. "मंग साहेबाचा बी अदमासच हाय ना? तो बोलला वीस हात. मी बोलतंय तेवीस. तो वर फिरला, मी खाली निजलूं. तीन हात खनू दे."

म्हणून मी पोंक्षेसाहेबांना पत्र लिहिलं. जितक्या अदबीनं लिहिता येईल तितक्या अदबीनं लिहिलं, की खणणाऱ्या मजुराचा अंदाज साडेचार फूट अधिक आहे आणि आजवर त्याचा अंदाज चुकलेला नाही. आठव्या दिवशी उत्तर आलं. साहेबांनी मला भाषा शिकवली होती. म्हणे, इंजिनिअर करतो त्याला एस्टिमेट म्हणतात, मजूर करतो तो गेस. तुम्ही कारकून आहात, दोन्हींतला फरक तुम्हांला कळायला हवा. माझ्याकडे शाळेतला इंग्रजी-मराठी कोश होता. त्यात दोन्ही शब्दांपुढे 'अंदाज' असंच लिहिलेलं होतं. पण कोश करणाऱ्याला कुणी नोकरीवरून काढणार नव्हतं.

पत्रात पुढे आणखी होतं. अक्षय्यतृतीयेला शेठजी सहकुटुंब येणार. तोवर पाणी लागलं नाही तर आदल्या दिवशी नदीवरून चार पिंपं गाडीनं आणून विहिरीत ओतावीत, म्हणजे बाईसाहेबांच्या हातून पहिली घागर निघेल. काम पुरं झाल्याचा दाखला तयार ठेवावा.

हे मी ढवळूला सांगायला नको होतं. पण सांगितलं. त्यानं न रागावता ऐकून घेतलं.

"मंग कागदावर आमचे वाडीला पानी हाय," तो म्हणाला.

"हो."

"मंग दुसरी हीर कोन देल?"

कोणी देणार नव्हतं. ज्या वाडीला कागदावर विहीर आहे तिला दुसरी मागताच येत नाही, हे त्याला न लिहिता-वाचता माझ्याआधी कळलं होतं. त्या दिवसापासून तो एकटाच खाली उतरू लागला. बाकीच्या मजुरांची नागली बंद झाली होती, ते दुसरीकडे कामाला गेले. सबंध तळ खणणं एका माणसाचं काम नव्हे, म्हणून त्यानं मधोमध स्वतःपुरता खड्डा घेतला. तो छिन्नी-घण चालवायचा, रुपी वरून पाटी ओढायची. त्यानं माझ्याकडे एका सुरुंगाची दारू मागितली. मी म्हणालो, शिल्लक दारू परत पाठवायची आहे. मग तो म्हणाला, "दोर तरी ठेव."

कामाचा दोर जाड काथ्याचा होता. काम संपलं की सामान कोठीत जमा करायचं असा नियम होता, आणि मी तो डोळ्यांत तेल घालून पाळला. नवा दोर तर समारंभाचा, त्याला हात लावणं शक्यच नव्हतं. दोन्ही दोर माझ्या कोठीत, माझ्या कुलपात, त्याच्यापासून पन्नास पावलांवर पडून होते. ढवळूनं रानातून भेंडीच्या झाडाची साल सोलून आणली आणि रुपीनं मांडीवर दोर वळला.

बारा दिवस तो त्या दोरानं वर-खाली करत होता. मी रोज सकाळी काठावर जाऊन बघायचो आणि परत यायचो. अडवलं नाही, एवढंच मी केलं. त्यालाच पुष्कळ दिवस मी मदत समजत होतो.

तेराव्या दिवशी टळटळीत दुपारी खालून त्याची हाक आली. रुपीनं पाटी ओढली, तर पाटीतला चुरा ओला होता आणि तिच्या हातांवरून पाणी ओघळत होतं. तेवीस हात. मी तिथंच होतो. ती हसली नाही, रडली नाही, पाटी खाली ठेवून तिनं ओले हात तोंडावरून फिरवले. ढवळू दोराला धरून वर चढू लागला. तेरा दिवस काठाच्या दगडावर घासून दोर झिजला होता. तो निम्म्यावर आला आणि दोर तुटला.

जीव वाचला. पाठ गेली. कमरेखालचं अंग त्याचं राहिलं नाही. वाडीतल्या माणसांनी कामाच्या दोराला झोळी बांधून त्याला वर काढलं. कोठीचं कुलूप मीच उघडलं. तेव्हा नियम आठवला नाही.

पोंक्षेसाहेबांना मी कळवलं, की पाणी लागलं. पिंपांची गरज नाही.

अक्षय्यतृतीयेला बैलांच्या दमण्या आल्या, आंब्याची तोरणं लागली, फरशीवर हळदकुंकू वाहिलं. भटजींचं आटोपल्यावर शेठजींच्या बाईंनी चांदीसारखी घासलेली घागर नव्या दोरानं विहिरीत सोडली. दोर सुटत सुटत संपला. घागर खाली अधांतरी हलत राहिली. पाणी तिच्या बुडापासून दीड हात खाली, मधल्या खड्ड्यात होतं. बाई वाकल्या, आणखी वाकल्या, मग अवघडून नवऱ्याकडे बघू लागल्या. शेठजींनी ओव्हरसिअरकडे बघितलं. ओव्हरसिअरांनी माझ्याकडे बघितलं.

मागे वाडीच्या बायांत रुपी उभी होती. ती पुढे आली, तशी दोघा-तिघांनी तिला हटकलं, पण ती थांबली नाही. तिच्या खांद्यावर भेंडीच्या सालीचा एक तुकडा होता, वरच्या काठाला राहिलेला, जेमतेम तीन हात. तिनं बाईंच्या हातून नव्या दोराचं टोक घेतलं, त्याला तो तुकडा गाठ मारून जोडला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि टोक परत बाईंच्या हातात दिलं. घागर बुडाल्याचा आवाज वर आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठजींनी कौतुकानं विचारलं, ही बाई कोण? साहेब म्हणाले, इथलीच आहे एक.

पेढे वाटून झाल्यावर रुपीनं आपला हंडा भरून घेतला. मग शांतपणे गाठ सोडली, आपला तुकडा खांद्यावर टाकला आणि घराकडे चालू लागली.

साहेबांनी जाताजाता दाखल्यात काय घालायचं ते सांगितलं: पाणी एस्टिमेटप्रमाणे तीस फुटांवर लागलं. माझी लेखणी जराशी अडली, तसे ते म्हणाले, "लिहा की. खोली तीस फूटच आहे. मधला खड्डा काही एस्टिमेटमध्ये नाही." मी लिहिलं. खाली सही केली. माझं अक्षर चांगलं होतं, सगळे म्हणायचे.

संध्याकाळी निघण्याआधी मी ढवळूच्या झोपडीत गेलो. तो पेंढ्यावर उताणा पडला होता. उशाशी हंडा होता, त्यावर त्याचा तळहात. मी काहीबाही बोललो, की जव्हारला वैद्याला विचारीन, औषध पाठवीन. तो ऐकत नव्हता.

"दादा," तो म्हणाला, "कागदावर किती लिवलंस?"

"तेवीस हात," मी म्हणालो.

ढवळूनं डोळे मिटले. पहारीचा ठोका मारल्यावर खडकाला कान लावून तो जसा पडून राहायचा, तसाच पडून राहिला. पोकळ काय आणि भरीव काय, हे सांगायला त्याला कागद लागत नसे. मी मान खाली घातली.

"रुपी," तो म्हणाला, "दादाला पानी दे. लांब जायचंय त्याला."

रुपीनं तांब्या भरून पुढे केला. त्या वाडीत मी कधी पाण्याला तोंड लावलं नव्हतं. मी तांब्या घेतला आणि उभ्याउभ्या सगळं पाणी प्यायलो.